राजाची सही, पण उत्तर कोण देणार? सल्लागार परिषदेबद्दल जरा सविस्तर

तुम्ही विचारलंय की ज्या देशात राजा नावापुरता आहे आणि सगळा कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ बघतं, तिथे राजाची वेगळी सल्लागार परिषद कशाला ठेवतात, ती राजाला कधी अडवू शकते का, आणि आपल्या राष्ट्रपतींना अशी परिषद का दिलेली नाही. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि बरीच वर्षं लॉच्या मुलांना घटना शिकवतोय, त्यामुळे उत्तर वकिलाच्या नजरेतून येणार हे आधीच सांगतो. लांब होईल, पण विषयच तसा आहे.

पहिली गोष्ट, 'परिषद ताकदवान आहे का शोभेची' असा प्रश्न टाकला की उत्तर भलतीकडेच जातं. माझ्यासमोर कुठलाही सरकारी आदेश आला की मी आधी दोन गोष्टी बघतो, हा आदेश कुठल्या अधिकारात काढलाय आणि याचं उत्तर द्यायला कोण बांधील आहे. राजाच्या परिषदेलाही हेच लावायचं. घटनात्मक राजेशाहीत राजा सही करतो पण त्या सहीचं उत्तर तो देत नाही, त्याला सभागृहात उभं करून विचारता येत नाही, निवडणुकीत पाडता येत नाही. मग त्या सहीमागे कुणीतरी असा माणूस लागतो की ज्याला पकडता येतं. परिषद तो माणूस पुढे आणते का लपवते, यावर सगळं ठरतं, आणि हे देशागणिक बदलतं, म्हणून 'परिषद म्हणजे अमुक' असं एका वाक्यात सांगणारा भेटला तर त्याला आधी विचारा की कुठल्या देशाची.

ब्रिटनपासून सुरू करू, कारण आपल्या कोर्टात आजही तिचं नाव घेतलं जातं. तिथली प्रिव्ही कौन्सिल म्हणजे जुन्या काळातला राजाचा खास सल्लागार दरबार. आज ज्याला मंत्रिमंडळ म्हणतात ते याच परिषदेतून हळूहळू वेगळं निघालं, आणि खरी सत्ता त्याच्याबरोबर बाहेर पडली. मागे उरलेल्या परिषदेत आज सातशेच्या वर सभासद आहेत, आजीमाजी मंत्री, विरोधी पक्षाचे नेते, मोठे न्यायाधीश, आर्चबिशप, आणि एकदा नेमलं की बहुतेक जण आयुष्यभर राहतात. पण नेहमीच्या बैठकीला ही सगळी मंडळी येत नाहीत, तीन जण असले की कोरम होतो, आणि ते तिघं-चौघं जवळपास नेहमीच त्या वेळच्या सरकारातले मंत्री असतात. बैठक उभ्यानेच होते. लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे परिषदेचं काम बघणारा मंत्री, एकेक आदेशाचं शीर्षक वाचतो, राजा 'मंजूर' म्हणतो, संपलं. चर्चा होत नाही, वाद होत नाही, कारण निर्णय आधीच मंत्र्यांनी घेतलेला असतो.

मग ही नुसती औपचारिकता आहे का? आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांचा मान ज्यांचा आहे त्यांच्याशिवाय मिरवणूक हलत नाही, पण रस्ता कुठून बंद करायचा आणि बंदोबस्त किती लावायचा हे पोलीस आणि महापालिका ठरवते, आणि मान आणि कारभार दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. प्रिव्ही कौन्सिलचं साधारण तसं आहे. फरक एवढाच की इथे मानाच्या बैठकीतून जो कागद बाहेर पडतो तो थेट कायदा असू शकतो. त्याला ऑर्डर इन कौन्सिल म्हणतात. काही आदेश संसदेच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात निघतात, आणि काही राजाच्या जुन्या विशेषाधिकारात, म्हणजे संसदेला न विचारता. हा दुसरा प्रकार नीट समजून घ्या, सगळी भानगड तिथेच होते.

चागोस बेटांचं उदाहरण घ्या. हिंदी महासागरातल्या या बेटांवरच्या लोकांना दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळासाठी घरादारातून उठवलं होतं. २००० साली लंडनच्या हायकोर्टात ते जिंकले, सरकारने तेव्हा तो निकाल मान्यही केला. आणि मग जून २००४ मध्ये एका ऑर्डर इन कौन्सिलने त्यांचा परत येण्याचा हक्क पुन्हा काढून घेतला. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही, राणीसमोर शीर्षक वाचलं आणि 'मंजूर'. २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, तेव्हा तिथलं शेवटचं कोर्ट तेच होतं, तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. मी हे मुलांना दरवर्षी शिकवतो, कारण राजाच्या नावाखाली मंत्री संसदेला कसा वळसा घालू शकतात हे याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. राणीचा यात काही दोष नव्हता, तिला नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि बेटावरच्या माणसाला मात्र पत्र आलं ते राणीच्या नावाने.

आता दुसरी बाजू. २८ ऑगस्ट २०१९, बालमोरल. ब्रेक्झिटची तारीख तोंडावर आलेली, आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद साधारण पाच आठवडे स्थगित करायचा सल्ला दिला. तेव्हाचे लॉर्ड प्रेसिडेंट जेकब रीस-मॉग आणि आणखी दोन सभासद राणीकडे गेले, आदेश झाला. त्या तिघांपैकी कुणी अडवू शकलं असतं का? नाही, ते सरकारचेच लोक होते. राणी अडवू शकली असती का? प्रथेप्रमाणे तीही नाही. पण २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की पंतप्रधानांचा सल्लाच बेकायदा होता, म्हणून त्यावर उभा असलेला आदेशही गेला, जणू संसदेत कोराच कागद नेला होता. अडवलं कोर्टाने, पण कोर्टाला रद्द करता येईल असा एक तारखेचा, नावानिशी नोंदवलेला आदेश समोर होता म्हणून हे एवढं सरळ झालं. दिवाणखान्यात कानात सांगितलेला सल्ला कोर्टात धरता येत नाही, परिषदेत नोंदवलेला आदेश धरता येतो. माझ्या मते आजच्या प्रिव्ही कौन्सिलचा खरा उपयोग हाच, ती राजाला रोखत नाही, पण राजाच्या नावाने जे होतं त्याचा माग ठेवते.

न्यायदानाचं काम हा वेगळा भाग आहे आणि वकील म्हणून मला तो सोडवत नाही. १८३३च्या कायद्याने परिषदेची एक न्यायिक समिती झाली आणि साम्राज्यभरातली शेवटची अपिलं तिच्याकडे जायला लागली. आपली अपिलं १० ऑक्टोबर १९४९ पर्यंत तिथेच जात होती. मराठी माणसाला ताईमहाराज प्रकरण माहीत असतं, त्या दत्तकाच्या खटल्यात टिळकांना शेवटी १९१५ मध्ये न्याय मिळाला तो याच समितीकडून. पुढे १९३९ मध्ये आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याच समितीवर बसले. आणि जुनं म्हणून हे सगळं सोडून देता येत नाही, आजही सेशन्स कोर्टात आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार जप्त झालं की पुलुकुरी कोट्टय्याचा १९४७चा निकाल निघतोच, पुरावा कायद्याचं कलम २७ जाऊन साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आलं तरी. सुप्रीम कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तिथे त्या निकालांचं वजन कायम आहे.

यात बघण्यासारखं काय, तर समिती निकाल देताना आम्ही राजाला अपील फेटाळण्याचा किंवा मान्य करण्याचा सल्ला देतो असं लिहायची, आणि राजा त्याप्रमाणे परिषदेत आदेश काढायचा. कागदावर सल्ला, प्रत्यक्षात शेवटचा शब्द. १९६६ पर्यंत मतभेदाचा वेगळा निकालसुद्धा लिहिता येत नव्हता, राजाला सल्ला एकच जायला हवा म्हणून.

पण याचा सोलापूरकरांनी विसरू नये असा एक भाग आहे. १२ मे १९३०ला इथे मार्शल लॉ लागला आणि त्याला कायद्याचं कवच द्यायला व्हाइसरॉयनी अध्यादेश काढला, तेव्हाच्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्याने दिलेल्या आणीबाणीच्या अधिकारात, म्हणजे कलम ७२ खाली. त्याच महिन्यात त्याच कलमाखाली लाहोर खटल्यासाठी विशेष न्यायाधिकरण नेमलं, ज्याने भगतसिंगांना फाशी दिली. ते प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं तेव्हा फेब्रुवारी १९३१ मध्ये उत्तर आलं की आणीबाणी आहे का नाही हे गव्हर्नर जनरलने, म्हणजे व्हाइसरॉयनेच ठरवायचं, त्यात आम्ही शिरणार नाही. म्हणजे अध्यादेश काढणारा तोच, गरज ठरवणारा तोच, आणि त्यावर दाद मागायला समुद्रापलीकडे जी परिषद होती तिने दार लावून घेतलं. त्या साखळीतला एकही माणूस सोलापूरच्या मतदाराला उत्तर द्यायला बांधील नव्हता. हुतात्मा चौकातून जाताना मुलांना मी हेच सांगतो, की सल्लागार किती विद्वान आहेत हे नंतर बघा, आधी ते कुणाला जबाबदार आहेत ते बघा.

ब्रिटनबाहेर गेलात तर चित्र बदलतं. नेदरलँड्सची कौन्सिल ऑफ स्टेट १५३१ पासूनची आहे, राजा नावाला अध्यक्ष आणि काम बघतो उपाध्यक्ष. तिथे मात्र खरोखर सल्ला दिला जातो. सरकारचं प्रत्येक विधेयक संसदेत जायच्या आधी या परिषदेकडे जातं, ती त्यातल्या त्रुटी लिहून काढते, तो सल्ला जाहीर होतो आणि सरकारला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागतं. बंधनकारक नाही, तरी खासदारांच्या आणि पत्रकारांच्या हातात तयार प्रश्नपत्रिका पडते. मला विचाराल तर राजाच्या नावाने चालणाऱ्या सगळ्या परिषदांत ही सगळ्यात कामाची.

तिथेही एक अडचण आहेच. हीच परिषद बऱ्याच प्रशासकीय वादांचं शेवटचं कोर्टही आहे, म्हणजे ज्या नियमाच्या मसुद्यावर सल्ला दिला त्याच नियमावरचा खटला पुढे तिच्याकडेच यायचा. शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये असंच चालायचं आणि १९९५ मध्ये प्रोकोला खटल्यात युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने सांगितलं की आधी सल्ला देणारे आणि नंतर न्याय देणारे तेच लोक असतील तर निःपक्षपातीपणाची खात्री उरत नाही. लक्झेंबर्गने मग प्रशासकीय न्यायालयं वेगळी केली. नेदरलँड्सने परिषद एकच ठेवली पण सल्ल्याचा आणि न्यायाचा विभाग वेगळा केला.

नॉर्वेमध्ये राजा सहसा दर शुक्रवारी मंत्र्यांबरोबर बसतो आणि आदेश तिथे निघतात, तिथे वेगळे सल्लागार नाहीतच, मंत्रिमंडळ हीच राजाची परिषद. स्वीडनने १९७४च्या घटनेने राजाला निर्णयातून पूर्ण बाहेर काढलं, आता त्याला फक्त माहिती दिली जाते. दोन्ही देश नीट चालतात, म्हणजे वेगळी परिषद असणं ही काही लोकशाहीची अट नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, परिषद अडवू शकते का. शकते, पण ती कुणाला अडवते हे जपानकडे बघून ठरवा. इतो हिरोबुमींनी १८८८ मध्ये मेइजी घटनेचा मसुदा तपासायला तिथली प्रिव्ही कौन्सिल उभी केली आणि स्वतः तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे तीच परिषद निवडून आलेल्या सरकारांच्या डोक्यावर बसली. एप्रिल १९२७ मध्ये बँका कोसळत होत्या, सरकारने बँक ऑफ तैवानला वाचवायला सम्राटाच्या नावाने तातडीचा अध्यादेश मागितला, परिषदेने तो नाकारला आणि पंतप्रधान वाकात्सुकींचं मंत्रिमंडळ पडलं. लोकांनी न निवडलेल्या, कुणाला उत्तर न देणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनी एका बैठकीत सरकार घालवलं. अध्यादेश चांगला होता का वाईट यावर वाद घालता येईल, पण नाकारणाऱ्यांना जाब विचारायची जागा कुठेच नव्हती. नवी घटना ३ मे १९४७ला लागू झाली, त्याच्या आदल्या दिवशी ही परिषद बरखास्त झाली. म्हणून 'परिषदेला दात असावेत' असं कुणी म्हटलं की मी लगेच हो म्हणत नाही.

एक प्रसंग मात्र असा असतो की परिषद नसेल तर खरंच अडतं, आणि तो म्हणजे सिंहासन रिकामं पडतं किंवा राजा असून नसल्यासारखा होतो तेव्हा. ब्रिटनमध्ये ८ सप्टेंबर २०२२ला राणी गेली आणि १० तारखेला सेंट जेम्स पॅलेसमध्ये परिषदेने चार्ल्स राजा झाल्याची घोषणा केली. त्यांनी राजा निवडला नाही, तो कायद्याने राणी गेली त्याच क्षणी झालेला होता, परिषदेने फक्त जगासमोर नोंद केली. थायलंडमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये राजे भूमिबोल गेले आणि युवराजांनी गादी स्वीकारायला वेळ घेतला, तेव्हा १ डिसेंबरपर्यंत परिषदेचे अध्यक्ष प्रेम तिनसुलानोंदा राजप्रतिनिधी होते. हे तिथल्या व्यवस्थेत बसतं, पण थायलंडमध्ये परिषदेचे सभासद राजा स्वतःच्या मर्जीने नेमतो हेही लक्षात ठेवा. आणि नेपाळ तर आपल्या सगळ्यांना आठवतं, १ जून २००१चं राजवाड्यातलं हत्याकांड, त्यानंतर राजपरिषदेने बेशुद्ध युवराज दीपेंद्रना राजा आणि त्यांचे काका ज्ञानेंद्रना राजप्रतिनिधी जाहीर केलं, आणि ४ जूनला दीपेंद्र गेल्यावर ज्ञानेंद्र गादीवर आले. नियम पाळला गेला, पण लोकांचा विश्वास बसला नाही, कारण ती परिषद लोकांना आपली वाटतच नव्हती. २००६च्या आंदोलनानंतर संसदेने जी घोषणा केली त्यात राजपरिषदही गेली.

भूतानने २००८ची घटना लिहिताना बहुधा हे सगळं डोळ्यासमोर ठेवलं असावं. तिथली परिषद चारच जणांची, दोन राजाने नेमलेले, एक मंत्रिमंडळाने सुचवलेला, एक वरच्या सभागृहाने सुचवलेला, आणि काम मुख्यतः राजघराणं, राजाचे विशेषाधिकार आणि राजमालमत्ता एवढ्यापुरतं. देशाचा कारभार तिच्या कक्षेत ठेवलेला नाही. छोटं आणि स्वच्छ.

जाता जाता, कुणीतरी या विषयात अष्टप्रधान मंडळ आणतंच, तर माझं मत सांगतो. महाराजांचे अष्टप्रधान एकेका खात्याचे प्रमुख होते, पेशवे, अमात्य, सेनापती, न्यायाधीश वगैरे, आणि ते महाराजांना जबाबदार होते, ती फार शिस्तीची राज्यव्यवस्था होती, पण घटनात्मक राजेशाही नव्हे, कारण राजाच्या वर लिखित मर्यादा नव्हती. आपल्या भागात घटनात्मक राजेशाहीच्या जवळ जाणारं उदाहरण औंध संस्थानचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये घटना देऊन स्वतःची सत्ता लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे सोपवली. आटपाडी तेव्हा औंधमध्ये होती, म्हणजे सांगोल्याच्या शेजारच्या गावांनी हा प्रयोग जगून बघितलाय. इतिहासाच्या पुस्तकात याला चार ओळी मिळतात याचं मला फार वाईट वाटतं.

आता तिसरा प्रश्न, आपल्या राष्ट्रपतींना अशी परिषद का नाही. विचार झाला होता. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी १९४७ मध्ये सुचवलं होतं की राष्ट्रपतींनी जे निर्णय स्वतःच्या विवेकाने घ्यायचे त्यासाठी कौन्सिल ऑफ स्टेट असावी. आयर्लंडच्या १९३७च्या घटनेत तशी परिषद आहेही, तिथे राष्ट्रपतींना एखादं विधेयक सुप्रीम कोर्टाकडे तपासायला पाठवायचं असेल तर आधी परिषदेशी बोलावं लागतं, निर्णय मात्र त्यांचाच. आपल्याकडे ते वगळलं आणि कलम ७४ मध्ये एकच मंत्रिपरिषद ठेवली, जी लोकसभेला जबाबदार आहे. राष्ट्रपतींनी याच मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने चालायचं हे १९७४च्या शमशेर सिंग खटल्यात कोर्टाने पक्कं केलं, १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचं लिहूनच टाकलं, १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला परत पाठवायची मुभा दिली. आणि काय सल्ला दिला हे कोर्ट विचारू शकत नाही असं कलम ७४ म्हणतं तरी १९९४च्या बोम्मई निकालाने सांगितलं की तो सल्ला ज्या माहितीवर उभा आहे ती कोर्ट मागवू शकतं. लंडनला २०१९ मध्ये जो प्रश्न आला त्याच्या जवळपास आपण पंचवीस वर्षं आधी पोचलो होतो.

राष्ट्रपतींसाठी मला हे बरोबर वाटतं. राज्यपालांच्या बाबतीत मात्र मन डळमळतं, कारण तिथे कलम १६३ खाली स्वतःच्या विवेकाचा भाग जास्त आहे, विधेयकं अडकून पडतात आणि त्यामागचं कारण लोकांना कळत नाही. तिथे नेदरलँड्ससारखा जाहीर, लेखी सल्ला घेणं सक्तीचं केलं तर बराच उजेड पडेल असं वाटतं. पण हे वर्गात मांडलं की मुलं विचारतात, सर त्या परिषदेवर माणसं नेमणार कोण, केंद्र का राज्य, आणि दोघांनाही पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.